व्याघ्र प्रकल्पासाठी खाजगी जमिनीचे संपादन : संमती देण्यापूर्वी शेतकऱ्याने करावयाची कामे

चंद्रपूर व गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे जंगलाचे जिल्हे होत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला; तोपर्यंत हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात होता. या भागात शेत आणि जंगल यांची शीव एकमेकींना लागून आहे. धानाच्या बांधीचा शेवटचा धुरा ओलांडला की साग, बांबू व मोह यांचे रान सुरू होते. अशा प्रदेशात वन्य प्राण्यांसाठी जंगल राखावयाचे म्हटले म्हणजे केव्हा ना केव्हा शेतकऱ्याच्या खाजगी जमिनीचा प्रश्न उभा राहतोच.

हा प्रश्न गावात आला की शेतकरी ग्रामकार्यकर्त्यास प्रथम विचारतो, "रक्कम किती मिळणार?" प्रश्न स्वाभाविक आहे; परंतु तो सर्वांत शेवटी विचारावयाचा प्रश्न आहे. आधी हक्कांची नोंद, मग कुटुंबांची यादी, त्यानंतर नव्या जमिनीची पारख, आणि हे सर्व झाल्यावर संमती व रक्कम, असा कामांचा क्रम आहे. पिकाचे बियाणे चुकले तर पुढच्या हंगामात ते सुधारता येते. जमीन सोडण्याची संमती मात्र एकदा दिली, आणि जुन्या बांधीत गवत उगवले, म्हणजे ती परत घेता येत नाही. यास्तव हा क्रम प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने नीट समजून घेतला पाहिजे.

ताडोब्याची वाढ

या प्रश्नाचे जवळचे उदाहरण ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे आहे. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र ११६.५५ चौरस किलोमीटर होते. १९८६ साली त्याच्या लगतचे ५०८.८५ चौरस किलोमीटर जंगल अंधारी वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले, आणि १९९५ साली या दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. २०१० साली त्याभोवती सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र ठरविण्यात आले.

उद्यानाची रेषा वाढली तेव्हा तिच्या आत गावेही आली. बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी, पळसगाव आणि रानतळोधी ही ती गावे. येथील लोक मुख्यतः गोंड व माना समाजाचे. धान, जवस, लाखोडी ही त्यांची पिके, आणि मोहफुले, तेंदूपाने व बांबू ही जंगलाची जोड. २००७ साली बोटेझरी गाव व कोळशातील काही कुटुंबे उठून मूल तालुक्यात भगवानपूर येथे वसली. पुढे २०१३ च्या सुमारास नवेगाव व त्यामागून जामणी या गावांचे पुनर्वसन झाले. या गावांतील शेते आज शेते राहिलेली नाहीत. तेथे कुरणे झाली आहेत.

वाघाला शेतकऱ्याची जमीन कशासाठी?

"जंगल एवढे मोठे असताना आमच्याच चार बांध्या कशाला पाहिजेत?" असे शेतकरी विचारतो. त्याला प्रामाणिक उत्तर मिळाले पाहिजे.

एका मोठ्या वाघाला वर्षभरात चितळाएवढे सुमारे ५० प्राणी लागतात. कळप घटू नये म्हणून वाघाने कळपातील साधारण दहावा हिस्साच खाल्ला पाहिजे, असे धरले जाते. म्हणजे एका वाघामागे सुमारे ५०० चितळ, सांबर, रानडुक्कर यांसारखे प्राणी हवेत. या प्राण्यांपैकी बहुतेकांना चारा हवा, आणि दाट सागवानाखाली चारा थोडा उगवतो. गावाभोवतीची शेतजमीन सपाट, ओलावा धरणारी व उघडी असते. तिथे गवत चांगले वाढते. म्हणून जंगलाच्या पोटातील शेती सोडली गेली की तीच चितळ-गव्यांची उत्तम चराई होते.

दुसरे कारण असे की, वाघिणीला पिल्ले वाढविण्यास माणसाच्या वर्दळीपासून दूर अशी सलग जागा लागते. पिल्ले देणाऱ्या २० वाघिणींची वस्ती टिकावी यासाठी ८०० ते १,२०० चौरस किलोमीटर निर्वेध क्षेत्र असावे, असे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण मानते. ताडोब्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. म्हणूनच त्यातील लहान गावालाही महत्त्व येते. तिसरे कारण गावकऱ्यांच्या बाजूचे आहे : गाभ्यातील गावात गुरे मारली जातात, पिके रानडुकरे खातात, रात्री दवाखान्यात जाणे कठीण होते, आणि रस्ता, वीज यांच्या कामांवर बंधने येतात. पुष्कळ कुटुंबांनी गाव सोडण्याचे ठरविले ते या अडचणींमुळे.

पर्यटनाच्या वाटांसाठी गाव उठविले जाते, अशी समजूत काही ठिकाणी आढळते. गाभा क्षेत्रात पर्यटनाला मर्यादा आहे. २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन चालू शकते. तथापि मोकळ्या झालेल्या कुरणावर प्राणी दिसू लागतात आणि वाटा तिकडे वळतात, हेही खरे आहे. सबब त्या वाटांवर वाटाड्या, वाहनचालक, प्रवेशद्वारावरील कर्मचारी म्हणून पुनर्वसित कुटुंबांना अग्रक्रम मिळावा, अशी मागणी गावाने संमतीच्या वेळीच लेखी नोंदवावी. पुनर्वसित कुटुंबांना उपजीविकेच्या कामांत प्राधान्य देण्याचे तत्त्व मार्गदर्शक सूचनांतच सांगितलेले आहे.

कायद्याची चौकट

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा असून २००६ साली त्यात दुरुस्ती होऊन व्याघ्र प्रकल्पांसाठी स्वतंत्र तरतुदी झाल्या. त्याच वर्षी वनहक्क कायदा झाला. या दोहोंतून शेतकऱ्याच्या दृष्टीने पाच गोष्टी महत्त्वाच्या निघतात.

१. गाभा क्षेत्रातून गावाचे पुनर्वसन ऐच्छिक आहे. ग्रामसभेची व संबंधित व्यक्तींची माहितीपूर्वक संमती त्यास लागते. माहितीपूर्वक याचा अर्थ असा की, सारे कागद वाचून दाखविल्यावर व समजावून दिल्यावर दिलेली.

२. वनहक्कांची मान्यता व नोंद पूर्ण होईपर्यंत कोणासही उठविता येत नाही.

३. माणसांचे तेथे राहणे वन्य प्राण्यांना न भरून येणारी हानी करणारे आहे, आणि सहजीवनाचा दुसरा वाजवी मार्ग उरलेला नाही, असे शासनास ठरवावे लागते.

४. नव्या जागी जमीन व ठरलेल्या सुविधा तयार झाल्यावाचून स्थलांतर करावयाचे नाही.

५. अभयारण्याच्या हद्दीतील खाजगी हक्कांची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांनी करावयाची असते. उद्घोषणा झाल्यापासून दोन महिन्यांत हक्काचा दावा लेखी द्यावा लागतो. चौकशीअंती जिल्हाधिकारी ती जमीन हद्दीतून वगळू शकतात, संपादन करू शकतात, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकांच्या विचाराने हक्क चालू ठेवू शकतात. संपादन हा एकमेव मार्ग नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

याशिवाय १ जानेवारी २०१४ पासून भूसंपादनाचा नवा कायदा अमलात आहे. या कायद्याने संपादन झाल्यास जमिनीच्या बाजारभावाबरोबर विहीर, झाडे, घर यांचे मूल्य धरावे लागते व त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. गडचिरोली जिल्ह्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे शक्यतो संपादन करूच नये, आणि करणे अपरिहार्य असेल तर ग्रामसभेची पूर्वसंमती घ्यावी, असे हा कायदा सांगतो.

पहिले काम : हक्कांची नोंद

बापजाद्यांच्या नावावरील सातबारा, तोंडी झालेली वाटणी आणि अतिक्रमण समजली जाणारी जुनी वहिवाट, असे तिन्ही प्रकार जंगलातील गावांत सापडतात. कागदावर नसलेला हक्क संपादनाच्या वेळी शून्य धरला जातो. म्हणून पुढील कामे आधी करावीत.

(अ) मयत खातेदारांच्या वारसांची नोंद तलाठ्याकडे करून घ्यावी. बहिणी व विधवा यांची नावे वगळू नयेत.

(आ) १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबांनी वनहक्क समितीमार्फत दावा दाखल करावा. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. मान्य होणारा हक्क कुटुंबामागे जास्तीत जास्त ४ हेक्टरचा असून विवाहित जोडप्याच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे होतो.

(इ) मोहफुले, तेंदू, बांबू, मासेमारी, चराई व निस्तार यांचे सामूहिक हक्क ग्रामसभेच्या नावे मागावेत. व्यक्तीच्या दाव्यांच्या गर्दीत हे हक्क मागे पडतात. परंतु भूमिहीन कुटुंबाची अर्धी उपजीविका यांवरच असते.

(ई) प्रत्येक शेतातील विहीर, बोडी, बांध, मोहाची व आंब्याची झाडे यांची मोजणी करून यादीवर ग्रामसभेत सह्या घ्याव्यात. झाडांची यादी पानगळीच्या आधी केल्यास चूक कमी होते.

दुसरे काम : कुटुंबांची यादी

व्याघ्र प्रकल्पाच्या पुनर्वसनात मदत कुटुंबास मिळते, शेताच्या आकारास नव्हे. भूमिहीनालाही ती मिळते. म्हणून "कुटुंब" या शब्दाचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अठरा वर्षांवरील मुलगा, त्याचे लग्न झालेले असो वा नसो, स्वतंत्र कुटुंब धरला जातो. तसेच अठरा वर्षांवरील अविवाहित मुलगी किंवा बहीण, कोणत्याही वयाची अपंग व्यक्ती, आईबाप गमावलेले अज्ञान मूल, विधवा आणि घटस्फोटित स्त्री ही प्रत्येकी स्वतंत्र कुटुंबे होत.

एक उदाहरण घेऊ. घरात शेतकरी, त्याची पत्नी, दोन लहान मुले, एकोणीस वर्षांचा मुलगा, वीस वर्षांची अविवाहित मुलगी आणि म्हातारी विधवा आई आहे. चूल एकच असल्यामुळे गावकरी यास एक कुटुंब म्हणतील. नियमाने मात्र येथे चार कुटुंबे होतात. यादी करणाऱ्याने आई व मुलगी यांना "घरातच" धरले, तर त्या घराचा निम्मा हक्क बुडतो. म्हणून यादी चावडीवर वाचून दाखवावी, वयाचे दाखले शाळेतून व मतदार यादीतून तपासावेत, आणि पात्रतेची तारीख कोणती धरली आहे हे प्रत्येकास सांगावे.

रकमेचा हिशेब

आरंभी ही मदत कुटुंबास १ लाख रुपये होती. २००८ साली ती १० लाख झाली आणि २०२१ साली १५ लाख करण्यात आली. घेण्याचे मार्ग दोन. पहिल्या मार्गात कुटुंब सर्व रक्कम घेऊन स्वतःच्या पसंतीने अन्यत्र बसते. दुसऱ्या मार्गात वनविभाग जमीन, घर व सुविधा देऊन गाव वसवितो. दुसऱ्या मार्गासाठी २००८ च्या सूचनांत जी टक्केवारी दिली आहे, त्याच प्रमाणाने १५ लाखांचा हिशेब मांडल्यास तो असा होतो :

२ हेक्टर शेतजमीन व तिची सुधारणा – ३५ टक्के – ५,२५,००० रुपये
हक्कांची भरपाई – ३० टक्के – ४,५०,००० रुपये
घराची जागा व बांधकाम – २० टक्के – ३,००,००० रुपये
प्रोत्साहन रक्कम – ५ टक्के – ७५,००० रुपये
सामूहिक सुविधा – १० टक्के – १,५०,००० रुपये

शेवटच्या बाबीत पोचरस्ता, सिंचन, पिण्याचे पाणी, वीज, समाजमंदिर, देवस्थान व स्मशानभूमी ही सर्व येतात. एका कुटुंबाचे दीड लाख त्यास पुरणार नाहीत. गावातील सर्व कुटुंबांचा हा हिस्सा एकत्र करूनच ही कामे व्हावयाची असतात. यास्तव गावातील निम्मी कुटुंबे रोख रक्कम घेऊन पांगली, तर उरलेल्या निम्म्यांच्या पाण्याच्या व रस्त्याच्या कामास पैसा कमी पडतो. मार्ग निवडताना ही गोष्ट सर्वांनी एकत्र बसून बोलावी.

जमिनीच्या बाबीकडेही बारकाईने पाहावे. २ हेक्टर म्हणजे जवळजवळ ५ एकर. ५,२५,००० रुपयांत हे क्षेत्र घेऊन त्याची सुधारणा करावयाची, तर एकरी सुमारे १ लाख ६ हजार रुपये पडतात. ज्या भागात जमीन पहावयाची तेथील भाव दुय्यम निबंधक कार्यालयातून काढून आणावा. हक्कांच्या भरपाईसह पुनर्वसनाचा खर्च ठरलेल्या रकमेच्या वर गेल्यास जादा भार राज्य शासनाने उचलावयाचा आहे. ज्या शेतकऱ्याची मूळची शेती, विहीर व झाडे मोठी आहेत, त्याने हा मुद्दा आपल्या दाव्यात स्पष्ट मांडावा.

रोख रक्कम घेणाऱ्यासाठी सूचना वेगळी आहे. जमीन वगैरे घेतल्याचा पुरावा पाहून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पैसे देण्याची तजवीज मार्गदर्शक सूचनांत आहे. तिला अडथळा न समजता संरक्षण समजावे. घाईने सौदा करू नये. घेणारा बिगर-आदिवासी व विकणारा आदिवासी असल्यास शासनाच्या मान्यतेने दिलेल्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीखेरीज खरेदी टिकत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा असल्यास त्या जमिनीच्या व्यवहारासही परवानगी लागते. हा शेरा न पाहता दिलेला विसार बहुधा परत येत नाही.

तिसरे काम : नव्या जमिनीची पारख

पुनर्वसनाचा निकाल अखेर जमीन लावते. घर पक्के मिळाले, रस्ता डांबरी मिळाला, परंतु जमीन मुरमाड मिळाली, तर दोन-तीन वर्षांत कर्ता माणूस मजुरीला बाहेर जातो. म्हणून ग्रामकार्यकर्त्याने चार-पाच जाणत्या शेतकऱ्यांसह जमीन स्वतः पाहावी.

महिना : जमीन दोनदा पाहावी. श्रावण-भाद्रपदात पाहिल्यास पाणी कोठे साचते, कोठून वाहून जाते ते कळते. वैशाखात पाहिल्यास विहिरीचे खरे पाणी कळते. दिवाळीच्या सुमारास प्रत्येक विहीर भरलेली असते. त्या पाण्यावर भरवसा ठेवू नये.

खोली : प्रत्येक प्रकारच्या मातीत एक मीटर खोल खड्डा घ्यावा. २५ सेंटिमीटरच्या आत मुरूम लागला तर जमीन फार उथळ समजावी. ५० सेंटिमीटरपर्यंत उथळ, ५० ते १०० मध्यम आणि त्यापुढे खोल. कन्हार, मोरांड, खरडी, बरडी ही मातीची जुनी नावे लोकांच्या तोंडी आहेत. कन्हार भारी व ओल धरणारी, तर बरडी उथळ व मुरमाड. नकाशावर दोन्ही दोन-दोन हेक्टरच दिसतात. त्यांच्या धान्यात मात्र फार अंतर असते.

पाणी धरण्याची शक्ती : खड्ड्यात घागरभर पाणी ओतून ते जिरण्यास किती वेळ लागतो हे जुन्या गावच्या बांधीतील तशाच खड्ड्याशी ताडून पाहावे. भरभर जिरणारी जमीन धानाला चालत नाही. तीत तूर किंवा तीळ यांचा विचार करावा लागेल. चंद्रपूरच्या पश्चिम भागात, म्हणजे वरोरा-भद्रावतीकडे, कापूस व सोयाबीनची शेती आहे. पूर्वेस मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडे धानाची. धानाच्या शेतकऱ्यास कापसाच्या जमिनीवर बसविल्यास त्याला नवे पीक शिकावे लागते, आणि नांगर-वखर, बियाणे, फवारणी यांचा नवा खर्च येतो.

माती-परीक्षण : शेताच्या आठ-दहा ठिकाणांहून इंग्रजी 'व्ही' आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती घ्यावी, एकत्र मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत जावे व अर्धा किलो उरली म्हणजे ती मृदा चाचणी प्रयोगशाळेत पाठवावी. पूर्व विदर्भाच्या पिकांविषयी सिंदेवाही येथील विभागीय कृषी संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

कागद : नवे गाव वनजमिनीवर बसणार असेल, तर ती जमीन १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली मोकळी झाली आहे काय, आणि गावास महसुली गावाचा दर्जा व शेतकऱ्यास सातबारा मिळणार काय, हे लेखी घ्यावे. सातबाऱ्याशिवाय पीककर्ज, पीकविमा व विहिरीचे अनुदान यांपैकी काहीच सुलभपणे मिळत नाही.

गुरे व देव : जंगलात मोकळी चरणारी गुरे नव्या गावी कोठे चरतील? गायरान नसेल तर गुरांची संख्या आधीच कमी करावी व धुऱ्यावर चाऱ्याचे गवत लावावे. गावदेव व पूर्वजांची ठाणी मागे राहतात. ठरावीक दिवशी पूजेस जाऊ देण्याची मागणी ठरावात लिहावी. ताडोबा हे नावही तारू या देवावरून आले असे लोक मानतात, व त्याचे ठाणे तलावाच्या काठी आहे.

नव्या गावातील पहिली दोन वर्षे

स्थलांतर रब्बीची मळणी झाल्यावर व पावसाळ्यापूर्वी करावे, म्हणजे एकही हंगाम बुडत नाही. नव्या बांध्या पाडताना वरची सुपीक माती आधी बाजूला काढून ठेवावी, जमीन समतल करावी आणि मग ती माती पुन्हा पसरावी. असे न केल्यास कापलेल्या बाजूला मुरूम उघडा पडून तेथील धान पिवळे व खुजे राहते. पहिल्या खरिपात शक्य तेथे बोरू किंवा धैंचा पेरून सुमारे दीड महिन्याने चिखलणीच्या वेळी गाडावा. हेक्टरी १० टन शेणखत किंवा कंपोस्ट मिळाल्यास उत्तम. धान उभे असताना ओलीवर लाखोडी किंवा जवस फेकण्याची उतेऱ्याची पद्धत जुन्या गावात होती. ती येथेही चालू ठेवावी. पहिल्या वर्षी घरात येणारी डाळ तिच्यातूनच मिळेल. पहिल्या वर्षाचे उत्पन्न थोडे येणार हे गृहीत धरून वर्षभराचे धान्य बाजूला ठेवल्याशिवाय जुने गाव सोडू नये.

सोडलेल्या जमिनीचे पुढे काय होते?

शेत सोडले की तेथे आपोआप चांगले गवत येत नाही. पहिल्या पावसात तरोटा, रानतुळस, गाजरगवत व घाणेरी यांचे रान माजते. चितळ यांस तोंड लावीत नाहीत. हे तण फुलावर येण्यापूर्वी उपटावे लागते, आणि मारवेल, पवन्या, डोंगरी अशा स्थानिक गवतांचे बी गोळा करून पेरावे लागते. उघड्या विहिरींत प्राणी पडू नयेत म्हणून त्या बुजवाव्या किंवा झाकाव्या लागतात. मोहाची झाडे राखावयाची असतात. ही सर्व कामे शेतकऱ्याच्या हातची आहेत. तण कोणते व चारा कोणता हे ज्याने जन्मभर पाहिले, त्याच्याच गावच्या लोकांना ही मजुरी प्रथम मिळावी, असा आग्रह धरणे योग्य होय.

संपादनाशिवायचा मार्ग

बफर क्षेत्रातील शेतकऱ्यांत "आमचीही जमीन गेली" अशी भीती असते. बफरमध्ये आल्याने जमिनीची मालकी जात नाही व शेती बंद होत नाही. बफरचा हेतूच माणूस व वन्य प्राणी यांच्या सहजीवनाचा आहे, असे कायदा सांगतो. येथे कुंपण, पक्के गोठे, स्वयंपाकाचा गॅस, जंगलावरचा भार कमी करणारी कामे व गावाच्या हाती येणारे पर्यटन यांचा मार्ग आहे. राज्य शासनाची २०१५ ची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना याच प्रकारच्या कामांसाठी निघाली.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) या गावाने निराळा धडा घालून दिला आहे. २००९ साली या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेथे जंगल राखण्यासाठी कोणाची जमीन घ्यावी लागली नाही. हक्क ग्रामसभेस मिळाला आणि राखणही तिच्याकडे आली. वाघाच्या गाभा क्षेत्रात हा मार्ग सर्वत्र पुरेल असे नाही. परंतु गाभ्याबाहेरील गावात खाजगी जमीन मागण्यापूर्वी हा मार्ग पाहिला गेला काय, हे ग्रामसभेने अवश्य विचारावे.

ग्रामकार्यकर्त्याचे कर्तव्य

गावाला "जा" किंवा "राहा" असे सांगणे हे ग्रामकार्यकर्त्याचे काम नव्हे. निर्णय गावाने घ्यावयाचा आहे. कागद वाचून दाखविणे, यादीतून कोणी सुटू न देणे, आणि नव्या जमिनीत स्वतः कुदळ मारून पाहणे ही त्याची कामे होत. ती नीट झाली तर जाणारा शेतकरी डोळसपणे जाईल आणि राहणाराही डोळसपणे राहील.

चर्चामंडळासाठी प्रश्न

१. आपल्या गावात वारसनोंद न झालेली खाती किती? वनहक्काचे किती दावे प्रलंबित आहेत?

२. आपल्या एका चुलीत नियमाप्रमाणे किती कुटुंबे होतात? विधवा, अपंग व अविवाहित प्रौढ मुली यांची यादी करा.

३. आपल्या सर्वांत चांगल्या व सर्वांत हलक्या बांधीत एक मीटरचा खड्डा घ्या. दोन्हींतील मातीची खोली व पाणी जिरण्याचा वेळ लिहून ठेवा. नवी जमीन पाहावयाची वेळ आली तर हीच आपली मोजपट्टी.

४. सामूहिक सुविधांच्या रकमेतून कोणती तीन कामे प्रथम व्हावीत, हे पुरुषांनी व स्त्रियांनी वेगवेगळे बसून ठरवावे आणि मग दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात.